वारलेल्या साहेबांचं लॉगिन

१

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी तीन वाजून अठरा मिनिटांनी डॉ. धोंडिराम कुडाळकरांनी मानसी परबची फाइल उघडली, सहा मिनिटं वाचली आणि बंद केली. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये तशी स्वच्छ नोंद आहे. अडचण एवढीच होती की कुडाळकर साहेब जूनमध्येच वारले होते. त्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आले होते.

ही हकिगत मी मानसीला विचारून लिहिते आहे. माझं सोडून सगळ्यांची नावं बदलली आहेत आणि हॉस्पिटलचं नाव लिहिणारच नाही. घाटकोपर पूर्वेला आहे, एवढं पुरे. मी वनमाला चेंदवणकर. तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये मी चौतीस वर्षं काढली. तेव्हा फायली कागदाच्या होत्या, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला असायची. मोठमोठ्या डॉक्टरांना मी "आधी सही, मग फाइल" म्हणून दारात उभं केलेलं आहे. लोक मला खडूस म्हणायचे आणि ते खरंच होतं. मग कॉम्प्युटर आले, मी रिटायर झाले आणि ते कुलूप भंगारात गेलं.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला हॉस्पिटलचा मॅनेजर विशाल याचा फोन आला. ताई, तासाभरासाठी या, म्हणाला. गेले तर त्याच्या केबिनमध्ये मानसीची आई रुक्मिणीताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मानसीचं लग्न कांदिवलीच्या एका मुलाशी ठरलं होतं. साखरपुड्याला तीन दिवस उरले असताना मुलाच्या आईचा फोन आला. तुमच्या मुलीला फिट्स येतात हे आम्हाला कळलंय, आता पुढे नको. आठ वर्षांपूर्वीच्या ॲडमिशनची तारीख आणि गोळीचं नाव त्या बाईंनी फोनवर वाचून दाखवलं. मानसी शनिवारी त्या मुलाला भेटून स्वतःच सगळं सांगणार होती. ते सांगणं तिच्याआधीच कुणीतरी उरकून टाकलं.

मानसी सव्वीस वर्षांची. गेल्या आठ वर्षांत तिला एकही फिट आलेली नव्हती, कारण ती एक दिवसही गोळी चुकवत नव्हती. फोन आला त्या दिवशी तिने गोळी बंद केली. त्याला आज अकरा दिवस झाले होते. अशी गोळी एकदम तोडली तर फिट कधीही येऊ शकते, रस्त्यात, जिन्यात, कुठेही. मानसी रोज मुलुंडला ऑफिसला जात होती आणि तिला कळू न देता रुक्मिणीताई स्टेशनपर्यंत तिच्या मागे मागे चालत जात होत्या.

"समजावून समजावून थकले हो," त्या म्हणाल्या. "ती एकच बोलते. माझी फाइल कुणी बघितली आणि का बघितली, ते हॉस्पिटलने येऊन सांगावं, मग गोळीचं बघू."

त्या गेल्यावर विशालने माझ्यापुढे एक कागद सरकवला. गेल्या साडेचार महिन्यांत अकरा पेशंटच्या फायली अशाच उघडल्या होत्या. सगळ्या दुपारी तीन ते पावणेचारमध्ये, सगळ्या कुडाळकर साहेबांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, आणि उघडणाऱ्याच्या रकान्यात अकरा वेळा त्यांचंच नाव. त्यांचं लॉगिन कुणी बंदच केलं नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

२

साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. त्या बाजूला वर्दळ नसते. जिन्यात सपना भेटली, ती आमची सफाईवाली. साहेबांच्या खोलीत फडका कधी मारतेस, असं मी सहज विचारलं, तर ती म्हणाली की सकाळी. तीननंतर आपण तिकडे पाय ठेवत नाही.

"का गं?"

"साहेब बसलेले असतात."

तिच्या चेहऱ्यावर चेष्टेची रेषसुद्धा नव्हती. तीन वाजता ओपीडी सुरू होते, अशा थाटात ती ते बोलली होती.

दार लोटलेलं होतं. आत उदबत्तीचा धूर कोंडलेला, खिडकीतून देवनारच्या कचरा डेपोकडचा जळका वास येत होता आणि दोन्ही एकमेकांत मिसळले होते. भिंतीवर साहेबांचा फोटो, त्याला ताजा झेंडूचा हार. टेबलावर चष्म्याची डबी, पेन, लिहायचं पॅड, सगळं त्यांनी ठेवलं तसंच. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: नमस्कार, डॉ. कुडाळकर.

मी भित्री नाही. रेकॉर्ड रूमच्या शेजारीच शवागार होतं, तिथे मी चौतीस वर्षं डबा खाल्ला आहे. तरी त्या खुर्चीकडे बघवेना. ती टेबलापासून जराशी मागे सरकवलेली होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. मी गादीवर हात ठेवला.

गादी गरम होती.

मागे पावलं वाजली. मी वळले तर दारात शुभा पेंडुरकर उभी. ही आमची सीनियर सिस्टर, पंचवीस वर्षं साहेबांच्या ओपीडीत होती. खुर्चीत आता कोण होतं ते मी विचारलं. कुणी नाही, असं ती शांतपणे म्हणाली. ती रोज तीनच्या ठोक्याला येते, दिवा-उदबत्ती लावते आणि साहेबांचा पासवर्ड घालून कॉम्प्युटर चालू करते. मग ड्यूटी बदलायच्या गडबडीत खाली जाते आणि चार वाजता येऊन सगळं बंद करते.

मी म्हटलं, "दिवा समजले. कॉम्प्युटर कशाला?"

"तीनला त्यांची ओपीडी असायची ना गं. खुर्ची रिकामी आहे ती आहेच. निदान नाव तरी लागलेलं दिसू दे, म्हणून." तिचे डोळे भरले होते. "लॉगिन बंद करतो असं कॉम्प्युटरवाला केतन दोनदा म्हणाला, मीच थांबवलं त्याला. माझ्याच्याने नाही होत."

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. फोटोला हार घालणं वेगळं आणि मेलेल्या माणसाच्या हातात अकरा जणांची आजारपणं उघडी टाकणं वेगळं, हे तिला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. आम्ही चार जण इथे रोज नमस्काराला येतो, ती पुढे म्हणाली. डॉक्टर शौनक येतो, काउंटरवरचा नंदू येतो, केतन मशीन बघायला येतो, मी तर असतेच. सगळ्यांची किती माया.

खाली जाऊन मी केतनला त्या दिवसाची नोंद काढायला सांगितली. कॉम्प्युटरच्या खात्यात तो एकटाच. तीन वाजून बावीस मिनिटांनी साहेबांनी एक नाव शोधलं होतं: चंद्रभागा मोरजकर. त्या नावाचा पेशंट आमच्याकडे कधीच नव्हता.

३

विशालचा संशय पहिल्यापासून केतन वाघमारेवर होता. सगळे पासवर्ड त्याच्या मुठीत, मग दुसरा कोण, असं त्याचं सरळ गणित. केतन विक्रोळीचा, आई-वडील परभणीकडून आलेले, घरातला पहिलाच शिकलेला. माझ्यासमोर तो ताठ बसला.

"मॅडम, काही हरवलं की पहिला चावीवाल्याला धरतात," तो म्हणाला. "ट्रस्टी लोकांनी शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय. उत्तर नाही मिळालं की माझंच नाव लिहिणार."

पण त्याने मला एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. उघडलेल्या फायली अकरा होत्या, शोधलेली नावं मात्र त्याहून जास्त. मानसीची फाइल मंगळवारी उघडली. आदल्या दिवशी, सोमवारी, साहेबांनी 'हेमलता परब' असं शोधलं होतं आणि काहीच सापडलं नव्हतं. ऑगस्टमध्ये आधी भागीरथी शोधली आणि दुसऱ्या दिवशी सायली उघडली, आडनाव एकच. असं पाच वेळा झालं होतं. आधी भलतंच नाव आणि एखाद्या दिवसाने खरं.

ही गोष्ट हॉस्पिटलभर झाली होती. शेवटच्या वर्षात साहेबांना नावं आठवत नसत, एका बाईला दुसऱ्याच नावाने हाक मारत, मग हसत आणि म्हणत, थांबा, आठवतं. मेल्यावरही बिचारे तसेच अडखळतायत, असं सपना जिन्यात कुजबुजत होती. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर शौनक हा साहेबांचा पुतण्या. ओपीडी आता तोच चालवतो. तो स्वतःचा दवाखाना काढणार आहे आणि पेशंटची यादी गोळा करतोय, अशी कुजबुज होती. त्याला ते विचारलं तेव्हा तो चिडला. काकांच्या सगळ्या पेशंटच्या फायली त्याला त्याच्या स्वतःच्या लॉगिनवर दिसतात, त्यासाठी मेलेल्या काकांच्या खुर्चीत बसायची त्याला काय गरज. मग आवाज खाली आणून म्हणाला की मानसीला मात्र लवकर गोळी सुरू करायला लावा, बारा दिवस म्हणजे फार झाले.

राहिला नंदू मिठबावकर, काउंटरवरचा मुख्य क्लार्क. मी नोकरीत असताना तो लागला होता. मालवणकडचा, बोलायला गोड, कामाला वाघ. गाववाल्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी. कुणाला रक्त हवं, कुणाला बेड हवा, कुणाच्या मुलीला स्थळ हवं, सगळे त्याच्याकडे. शुभाही काही कमी नव्हती, तिने दोन भाच्यांची लग्नं स्वतः जमवली होती. नंदूने मला चहा पाजला. साहेबांच्या खोलीत तो रोज दहा मिनिटं बसतो, हे त्याने आपणहूनच सांगितलं. फाइलचं विचारताच त्याने दोन्ही हात वर केले. काउंटरच्या लॉगिनवर नाव, पत्ता आणि नंबर दिसतो, आजार दिसतच नाही, तो म्हणाला. ते खरंच होतं.

विशालला साहेबांचं लॉगिन त्याच मिनिटाला बंद करायचं होतं. मी त्याला थांबवलं. केतनकडून एवढंच करून घेतलं की त्या लॉगिनवर नाव शोधता येईल, पण एकही फाइल उघडणार नाही. चोर आपण होऊन पुन्हा यायला हवा होता.

४

अठरा तारखेला, मंगळवारी संध्याकाळी मी पंतनगरला परबांच्या घरी गेले. मानसी नुकतीच ऑफिसातून आली होती. सावळी, बारीक, केस घट्ट बांधलेली मुलगी. तिने मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "सापडलं?"

मी नाही म्हटलं. मग उठायला हरकत नाही मावशी, ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात, थकवा होता. गोळीचं विचारलं तर म्हणाली की गोळी घेतली की आजार खरा होतो. नाही घेतली तर ती फाइल खोटी आहे असं निदान तिला तरी वाटतं. मी पुष्कळ पेशंट पाहिले आहेत, पण इतकं वेडं आणि इतकं समजण्यासारखं बोलणं क्वचित ऐकलं.

बोलता बोलता तिच्या हातातला पेला निसटला आणि फरशीवर आपटला. रुक्मिणीताई आतून धावत आल्या. काही नव्हतं, नुसता निसटलाच होता. पण त्या क्षणी आम्हा तिघींच्या मनात एकच गोष्ट आली.

निघताना दारात मी रुक्मिणीताईंना विचारलं, "तुमच्या घरात कुणी हेमलता आहे का?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. दाराची कडी धरून त्या म्हणाल्या, "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी कॉम्प्युटरचं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. हेमलता हे मानसीचंच नाव. बारशाच्या दिवशी तिच्या आत्याने कानात सांगितलेलं जन्मनाव. त्या नावाने तिला कधी कुणी हाक मारली नाही, ते शाळेत नाही, आधार कार्डावर नाही, हॉस्पिटलात तर नाहीच. खुद्द मानसीलाही ते दहावीनंतर कळलं होतं.

"ती आत्या पण गेली हो चार वर्षांमागे," रुक्मिणीताई म्हणाल्या. "साहेबांना कसं कळलं?"

५

रात्रभर ते नाव डोक्यात घोळलं. सकाळी चहा घेताना मात्र मला माझाच राग आला. साठी उलटलेल्या बाईला हे सुचायला इतका वेळ लागावा. जन्मनाव कानात सांगतात हे खरं, पण ते लिहितातही. आपल्याकडे ते एकाच कागदावर लिहिलेलं असतं आणि तो कागद एकाच कामासाठी कपाटातून बाहेर निघतो. तो कागद म्हणजे पत्रिका, आणि ते काम म्हणजे लग्न.

फाइल उघडणाऱ्याच्या हातात मानसीची पत्रिका होती. तिच्यावर हेमलता लिहिलेलं दिसलं म्हणून त्याने हेमलता शोधली. सापडली नाही, तेव्हा हाक मारायचं नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मानसी शोधली. भागीरथी आणि सायलीचं तेच, आणि चंद्रभागा हेही असंच कुणाचं तरी जन्मनाव. साहेबांचं भूत काही विसरलेलं नव्हतं.

मी हॉस्पिटलात जाऊन नोंदींचा कागद भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरशेजारी धरला आणि केतनला बोलावलं. बावीस ऑगस्टनंतर थेट तेवीस सप्टेंबर, मध्ये एकही नाव शोधलेलं नाही. महिनाभर साहेब रजेवर.

पहिले काही दिवस गणपतीचे. निम्मं हॉस्पिटल कोकणात गेलेलं. त्या दिवसांत इथे कोण होतं? केतनच. त्याच्या घरी गणपती नसतो, म्हणून दरवर्षी तोच सगळ्यांच्या ड्यूट्या करतो. फायली चोरून बघायला त्याला त्याहून चांगली संधी नव्हती आणि नेमकं तेव्हाच काही घडलेलं नाही. डॉक्टर शौनकही इथेच होता. आणि या दोघांना आपापल्या लॉगिनवर सगळं दिसतं, त्यांना मेलेल्या माणसाच्या नावाची गरज नाही. गरज अशा माणसाला, ज्याला स्वतःच्या लॉगिनवर आजार दिसत नाही आणि जो गणपतीला गावी गेला होता. शुभाला फक्त ॲडमिट असलेले पेशंट दिसतात, नंदूला फक्त पत्ते. दोघेही सिंधुदुर्गातले.

"पण अनंत चतुर्दशीनंतर सगळे परत आले होते," केतन म्हणाला. "तरी पुढचे पंधरा दिवस काही नाही."

मी कॅलेंडरवर बोट ठेवलं. त्या पंधरा दिवसांच्या चौकोनांत बारीक अक्षरांत श्राद्ध, श्राद्ध, श्राद्ध असं छापलेलं होतं. पितृपक्ष. गेलेली माणसं जेवायला घरी येतात तो पंधरवडा. भूत असतं तर त्याच दिवसांत खुर्चीवरून हललं नसतं. पण पितृपक्षात स्थळाचं बोलणं कुणी काढत नाही, पत्रिका हातात घेत नाही. घटस्थापना झाली आणि दुसऱ्याच दिवशी साहेब कामावर रुजू. केतन गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच हसला.

तरी शुभा की नंदू, हे उरलंच होतं. मी घरी जाऊन दोन पत्रिका बनवल्या. नसलेल्या दोन भाच्यांच्या. एकीचं जन्मनाव यमुना नार्वेकर, दुसरीचं लीलावती नार्वेकर. हाक मारायचं नाव मुद्दाम कुठेच लिहिलं नाही. त्या दुपारी यमुना शुभाच्या हातात दिली आणि लीलावती नंदूच्या. दोघांनाही एकच विनंती केली, भाचीसाठी एखादं चांगलं घर बघ, पत्रिका तेवढी जुळवून घे.

दोघांनीही आनंदाने ठेवून घेतल्या.

६

गुरुवारी दुपारी मी केतनच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. तीन वाजले. तीन वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली: डॉ. धोंडिराम कुडाळकर, हजर. ती शुभाने लावलेली. मग बराच वेळ काही नाही. बाहेरून लोकल जाताना खिडकीची काच थरथरली. केतन नखं खात होता. मला मनातून वाटत होतं, कुणीच येऊ नये.

तीन एकोणीसला नवी ओळ आली. शोधलेलं नाव: लीलावती नार्वेकर.

त्या नावाची बाई या जगात नव्हती. ते नाव मला आणि एका माणसाला, दोघांनाच ठाऊक होतं. मी जिना चढले. गुडघे दुखतात, पण त्या दिवशी जाणवले नाहीत. दार लोटलेलं होतं. उदबत्तीच्या धुरात साहेबांच्या खुर्चीत पाठमोरा माणूस बसला होता, मान पुढे काढून, अगदी साहेब बसायचे तसा. 

"नंदू," मी म्हटलं.

तो दचकला नाही. खुर्ची हळूच वळवली आणि म्हणाला, "लीलावती नाहीच ना कुणी?"

त्याने काहीच नाकारलं नाही. मुलाकडचे लोक मुलीची पत्रिका त्याच्याकडे देतात आणि विचारतात, जरा बघ, तुमच्या हॉस्पिटलात काही आहे का. मुलीकडचे मुलाची देतात. तो साहेबांच्या खुर्चीत बसून बघतो. काही असलं तर एवढंच सांगतो की घाई करू नका. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही, त्याने शपथेवर सांगितलं. मानसीच्या वेळी मुलाची आई हटून बसली, कारण सांगितल्याशिवाय मोडणार नाही म्हणाली, तेव्हा त्याने पडद्याचा फोटो काढून पाठवला.

"मी लोकांची घरं वाचवतो, ताई. यात माझं पाप काय ते सांगा."

मी त्याला मानसीच्या गोळीचं सांगितलं. चौदा दिवस झाले, आणि तिची आई रोज तिच्या मागे चालते, हेही सांगितलं. तो काउंटरवर बसणारा माणूस, त्याला गोळी तोडण्याचा अर्थ कळत होता. त्याचा चेहरा उतरला. दार लावून घेऊन त्याने मला त्याच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगितली.

ती मी इथे लिहिणार नाही. नंदूला विचारून एवढंच लिहिते, की एका लग्नात त्याच्या घरच्यांपासून एक आजार लपवला गेला होता आणि त्यात त्याच्या घरातलं एक माणूस गेलं. गावात आजही वेगळंच कारण सांगतात.  सांगून झाल्यावर त्याने माझा हात धरला आणि गावच्या भाषेत म्हणाला, "ह्या कोणाक सांगू नकात, ताई."

अकरा जणांच्या फायली उघडणारा माणूस माझ्याकडे हे मागत होता. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच्याबरोबर रडावंसंही वाटलं. मी नाही सांगणार म्हटलं.

७

चार वाजता शुभाने स्वतःच्या हाताने साहेबांचं लॉगिन कायमचं बंद केलं. विशालला सगळं आतल्या आत मिटवायचं होतं. त्या अकराही जणांना हॉस्पिटलच्या सहीचं पत्र गेलं पाहिजे, तुमची फाइल कुणी कधी बघितली ते त्यात लिहिलं पाहिजे, नाहीतर मी स्वतः अकरा घरं फिरेन, असं मी त्याला बजावलं. मी फिरले असते हे त्याला माहीत होतं. पहिलं पत्र घेऊन मी संध्याकाळी पंतनगरला गेले. नंदू माझ्याबरोबर आला, पण बिल्डिंगच्या गेटाशीच थांबला.

मानसीने पत्र दोनदा वाचलं. मी तिला नंदूचं नाव सांगितलं, त्याने कसं केलं तेही. पोलिसात तक्रार द्यायची तर हॉस्पिटल तिच्या बाजूने उभं राहील, हेही सांगितलं. तिने पत्राची नीट घडी घातली.

"आणि का?" ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही."

"म्हणजे?"

"त्याने ते विश्वासाने सांगितलंय. त्यात एका तिसऱ्याच माणसाचा आजार आहे. ते माणूस आता नाही. त्याला विचारता येत नाही, म्हणून मला सांगता येत नाही."

मानसी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला. माझं त्याने सगळ्यांना वाटलं आणि तुम्ही त्याचं झाकताय, ती म्हणाली. कुणी आणि का, दोन्ही सांगायचं ठरलं होतं. अर्धंच सांगणार असाल तर गोळी नाही.

रुक्मिणीताईंनी माझे दोन्ही हात धरले. "सांगून टाका ना ताई. मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय? माझ्या मुलीच्या जिवापेक्षा मोठं आहे का ते?"

खरं सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं. चार वाक्यं होती फक्त. ती बोलले असते तर मानसीला नंदूची दया आली असती, रुक्मिणीताई रडल्या असत्या आणि गोळी पोटात गेली असती. आणि पंधरा दिवसांत ती चार वाक्यं मालवणात पोचली असती. मी हात सोडवून घेतले. 

"रुक्मिणीताई," मी म्हटलं, "उद्या कुणीतरी असंच रडत माझ्याकडे आलं आणि मानसीचं विचारलं, तर मी काय करू?"

 खाली कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजत राहिला आणि थांबला. मानसी माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं आता ही मला बाहेर काढणार, आणि काढलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

"महिन्याने विचारलं तर?" तिने विचारलं.

"तेव्हाही नाही."

"मी आजारी पडले तर?"

"तर मी तुझ्या उशाशी बसेन. पण सांगणार नाही."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. तिने आईकडे पाणी मागितलं. रुक्मिणीताईंना पेला भरता येईना, म्हणून तो मीच भरून दिला. मानसीने गोळी घेतली, उरलेलं पाणी पिऊन संपवलं आणि तोंड पुसलं.

मग खिडकीशी जाऊन तिने खाली गेटाकडे पाहिलं.

"त्याला वर बोलवा," ती म्हणाली. "मी त्याला काही विचारणार नाही. माझं काय मोडलं, ते त्याने माझ्या तोंडून ऐकावं."